ख्रिस्त उपस्थित आहे, म्हणजे नेमके काय?

वसईत किंवा वांद्र्याला ख्रिस्ती मित्राच्या लग्नाला गेलेल्या अनेकांना हा प्रसंग ओळखीचा असेल. मिस्सा उत्तरार्धात येते, बाकांवरची माणसे उठून रांग धरतात, पुढे फादर प्रत्येकाच्या हातावर एक पातळ पांढरी चकती ठेवत असतात. देवळात गेलेला माणूस प्रसाद घेतल्यावाचून परतत नाही ही आपली रीत, तेव्हा पाहुणाही रांगेला लागतो. एवढ्यात माइकवरून सूचना येते: कम्युनियन फक्त कॅथलिकांनी घ्यावे, इतरांनी हात छातीशी दुमडून पुढे यावे, त्यांना आशीर्वाद दिला जाईल. पाहुणा वरमतो. ज्या घरी आदल्या रात्री पोटभर जेवलो, त्या घरच्या देवाचा प्रसाद आपल्याला वर्ज्य? हा सल मी पुष्कळांच्या तोंडून ऐकला आहे, आणि तो खोटा म्हणता येणार नाही.

पण घोटाळा आहे तो ‘प्रसाद’ या कल्पनेत. प्रसाद म्हणजे देवाला दाखवून आपल्याकडे परत आलेले अन्न. ते पवित्र झाले तरी पेढा पेढाच राहतो, आणि म्हणूनच तो कुणालाही वाटता येतो. जितका वाटावा तितका चांगला. कॅथलिक माणूस हातावर जे घेतो त्याबद्दलची त्याची श्रद्धा निराळी आहे. देवाने दिलेली ती एखादी वस्तू नव्हे, तो स्वतःच आहे, असे तो मानतो. देणारा ‘ख्रिस्ताचे शरीर’ म्हणतो, घेणारा ‘आमेन’ म्हणतो, म्हणजे होय, मला हे मान्य आहे. ज्याला मान्य नाही त्याच्याकडून तो होकार वदवून घेणे बरे नव्हे, अशी या मनाईमागची भूमिका आहे. ती परक्यांपुरती नाही. गंभीर पाप करून त्याची कबुली न दिलेला कॅथलिकही त्या रविवारी बाकावर बसून राहतो; मग गावात त्याची कुजबुज होते, ती वेगळी.

तेव्हा प्रश्न असा की ‘ख्रिस्त इथे आहे’ असे म्हणताना कॅथलिकांना नेमके काय म्हणायचे असते? या पुस्तकाचा विषय तोच. ‘ते भाकरीलाच देव मानतात’ एवढ्यावर बाहेरचा माणूस मोकळा होतो, आणि खरे सांगायचे तर आतल्यांपैकीही पुष्कळजण तेवढ्यावरच थांबलेले असतात. मला सुरुवात दुसऱ्या टोकापासून करावीशी वाटते.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत उपासनेविषयीचा दस्तऐवज २१४७ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. त्याचा सातवा परिच्छेद या विषयाची किल्ली आहे. उपासनेत ख्रिस्त कुठे कुठे असतो, हे तिथे एका दमात सांगितले आहे. मिस्सा अर्पण करणाऱ्या पुरोहिताच्या ठायी तो असतो आणि विशेषत्वाने भाकर व द्राक्षारसाच्या रूपात असतो. बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांत तो आपल्या सामर्थ्याने असतो, त्यामुळे बाप्तिस्मा कुणाच्याही हातून होवो, देणारा ख्रिस्तच. शास्त्रपाठ वाचला जातो तेव्हा बोलणारा तो असतो. आणि दोघे-तिघे त्याच्या नावाने जमून प्रार्थना करतात, गातात, तिथेही तो असतो.

यातले पुरोहिताविषयीचे कलम जुन्या भांडणातून आले आहे. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या डोनाटस-पंथीयांचे म्हणणे होते की भ्रष्ट पुरोहिताने केलेला संस्कार फुकट जातो. ऑगस्टिनने त्यांना विरोध केला: संस्कार पुरोहिताच्या पुण्याईवर चालत नाही. यात भाविकाला दिलासा आहे. पुरोहिताला त्यात मोकळे रान दिलेले नाही, हे अलीकडच्या काळात वेगळे सांगावे लागते, ही शरमेची बाब.

हा परिच्छेद ज्याला कागदावर कोरडा वाटतो त्याने मोठ्या सणाच्या मिस्सेत धुपाटण्यावर नजर ठेवावी. फादर वेदीभोवती फिरून धूप देतात. शुभवर्तमान वाचण्याआधी ग्रंथाला धूप दिला जातो. वेदीवर ठेवलेल्या भाकर-द्राक्षारसाला दिला जातो. मग सेवक तेच धुपाटणे घेऊन पुरोहिताला धूप देतो, आणि शेवटी पायऱ्यांशी येऊन लोकांकडे वळतो. लोक उभे राहतात, माना लववतात, आणि साखळी किणकिणत धूर त्यांच्या दिशेने तीनदा येतो. तिसऱ्या बाकावरची लेकुरवाळी बाई, मागे खांबाला टेकलेला रिक्षावाला, यांना वेदीच्या मानाने धूप मिळतो. परिषदेने जे वाक्यांत मांडले ते हा विधी कितीतरी आधीपासून करून दाखवत आला आहे. बहुतेकांचे तिकडे लक्ष नसते; मुलांना तर धुराने खोकला येतो.

या सगळ्या उपस्थिती खऱ्या. मग भाकरीतल्या उपस्थितीचे विशेष ते काय? इथे थोडे इतिहासात शिरावे लागते.

इसवी सन १५५च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने सम्राट अँटोनायनस पायसला उद्देशून एक निवेदन लिहिले. ख्रिस्ती लोक बंद दारांआड काहीतरी अघोरी करतात, अशी वदंता होती. तिला उत्तर म्हणून त्याने रविवारचा कार्यक्रमच सांगून टाकला. वेळ असेल तितके वाचन, मग प्रमुखाचे प्रवचन, मग प्रार्थना, मग भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस, त्यावरची उपकारस्तुती, वाटप, आणि गैरहजर असलेल्यांच्या घरी सेवकांकरवी पाठवणी. अनाथ, विधवा आणि कैदी यांच्यासाठी वर्गणी. पापडीच्या किंवा म्हापशाच्या चर्चमधली आजची मिस्सा याच क्रमाने चालते. हे अन्न आम्ही साधे अन्न म्हणून घेत नाही, असेही जस्टिन सांगतो. पण ‘कसे’ हा प्रश्न तो विचारत नाही, आणि पुढची सहा-सात शतके तो कुणी फारसा विचारलाच नाही.

नवव्या शतकात फ्रान्समधल्या कॉर्बीच्या मठात तो फुटला. पास्कासियस रादबर्टस म्हणाला, मरियेच्या पोटी जन्मलेले आणि क्रुसावर खिळलेले शरीर तेच हे. त्याच मठातल्या रात्रामनसने राजा चार्ल्सच्या विचारण्यावरून उत्तर लिहिले: ख्रिस्त आहे, पण रूपकाच्या पडद्याआड, डोळ्यांनी पाहायच्या देहासारखा नव्हे. दोघेही एकाच घंटेला उठत, एकाच वेदीपाशी जात. अकराव्या शतकात तूरच्या बेरेंगारने रात्रामनसच्या बाजूने पुढचे पाऊल टाकले, तेव्हा रोमचा धीर सुटला. १०५९मध्ये त्याच्याकडून जी शपथ घेतली गेली तिच्यात भाविकांच्या दातांखाली ख्रिस्ताचे शरीर खरोखर चावले जाते, असे शब्द होते. घाबरलेली माणसे अशीच ठोकळ भाषा वापरतात. ती निस्तरण्याचे काम पुढे थॉमस अक्वायनसला करावे लागले: चावली जाते ती बाह्य रूपे, ख्रिस्ताला दात लागत नाहीत.

थॉमसची तेराव्या शतकातली मांडणी मराठी वाचकाला फार परकी वाटू नये, कारण द्रव्य आणि गुण ही वैशेषिकांची जोडी आपल्याला ऐकून माहीत असते. पांढरेपणा, गोलाई, गव्हाची चव हे गुण. ते ज्याच्या आधाराने राहतात ते द्रव्य. थॉमस म्हणतो, पुरोहित येशूचे शब्द उच्चारतो तेव्हा भाकरीचे द्रव्य ख्रिस्ताच्या शरीरात पालटते, गुण मात्र जिथल्या तिथे राहतात. काशीचा एखादा नैयायिक यावर तत्काळ उठून म्हणाला असता, की गुण द्रव्यावाचून राहूच शकत नाहीत, ही तर त्यांची व्याख्याच आहे. थॉमसला हा आक्षेप ठाऊक होता. अॅरिस्टॉटलच्या शाळेतला असल्याने तो त्याचा स्वतःचाच आक्षेप होता. त्याचे उत्तर असे, की द्रव्यालाही शेवटी ईश्वरच धरून ठेवतो, तेव्हा द्रव्य काढून घेऊन गुण तेवढे थेट धरणे त्याला अशक्य नाही. हे उत्तर सर्वांना पटेल असे नाही. मला त्यात तर्काची मर्यादा गाठून थांबण्याचा प्रामाणिकपणा दिसतो.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यावी. इथे रज्जुसर्पाचा न्याय लागू नाही. डोळा फसत नाही, जीभही नाही. प्रयोगशाळेत ती चकती दिली तर गव्हाचा स्टार्चच सापडेल, आणि त्याने कोणत्याही जाणत्या कॅथलिकाला धक्का बसणार नाही. याचा रोकडा परिणाम सीलिअॅक आजार असलेल्यांना भोगावा लागतो: अभिमंत्रित भाकरीतले ग्लुटेनही ग्लुटेनच असते, आतडी बिघडतात. म्हणून २०१७च्या परिपत्रकात व्हॅटिकनने पुन्हा बजावले, की भाकर गव्हाचीच हवी, अगदी कमी ग्लुटेनची चालेल, पण मुळीच ग्लुटेन नसलेली नाही. ज्यांना तेवढेही सोसत नाही त्यांनी फक्त द्राक्षारस घ्यावा. दोन्हींपैकी कोणत्याही एका रूपात ख्रिस्त पूर्ण आहे. चकतीचे दोन तुकडे केले म्हणून तो अर्धा होत नाही, आणि स्वर्गातून उतरून तिथे कोंबलाही जात नाही. जागा व्यापणारी वस्तू म्हणून तो तिथे नसतो, हे थॉमस पुनःपुन्हा सांगतो. ‘भाकरीत देव बसवला’ असे म्हणणाऱ्याला, मग तो टीकाकार असो की भक्त, थॉमसने नापास केले असते.

द्रव्यांतराचा शब्द मात्र थॉमसच्या आधीचा. १२१५च्या लॅटरन परिषदेच्या मजकुरात तो आहे. ११ ऑक्टोबर १५५१ला ट्रेंटच्या परिषदेने आधी श्रद्धा सांगितली आणि मग या पालटाला हा शब्द अत्यंत समर्पक असल्याची पुस्ती जोडली. माझ्या मते हा शब्द स्पष्टीकरण कमी आणि सीमारेषा जास्त आहे. ‘नुसते प्रतीक’ ही एक हद्द, ‘देहाचा मांसल तुकडा’ ही दुसरी. त्यांच्या आत राहा, एवढेच तो सांगतो.

ट्रेंटसमोर प्रोटेस्टंट होते, आणि त्यांच्यात एकमत नव्हते. १५२९च्या ऑक्टोबरात मारबुर्गला लूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले तेव्हा लूथरने येशूचे भाकरीवरचे शब्द लॅटिनमध्ये खडूने मेजावर लिहून ठेवले आणि त्यावरून हटला नाही. द्रव्यांतर त्याला अमान्य, उपस्थिती मान्य. झ्विंग्लीला ते भोजन मुख्यतः स्मरण वाटे. हे मुद्दाम सांगतो, कारण मराठी वाचकाची ख्रिस्ती जीवनाशी ओळख बहुधा रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मधून होते. ते घर अमेरिकन मराठी मिशनचे. तिथल्या प्रभुभोजनावरून वसईच्या मिस्सेचा अंदाज बांधला की चुकतो.

कॅथलिकांकडूनही एक गफलत शतकानुशतके झाली. उपस्थितीचा धाक इतका वाढला की लोक खायचे सोडून पाहू लागले. १२१५च्या परिषदेला वर्षातून निदान एकदा, पुनरुत्थानाच्या सणाला, कम्युनियन घ्या असे फर्मान काढावे लागले, यावरून काय ते समजा. पुरोहित चकती उंच धरतो तो क्षण मिस्सेचा कळस झाला. लिएजच्या जुलियानाच्या आग्रहातून उभा राहिलेला ख्रिस्तशरीराचा सण १२६४मध्ये पोप चौथे अर्बन यांनी सगळ्या चर्चसाठी जाहीर केला. मिरवणुका, छत्र, फुलांचा सडा. हे सारे सुंदर आहे, गोव्यात ते आजही पाहावे. पण जेवणाचे ताट देव्हाऱ्यात ठेवून नमस्कार करण्याचा हा प्रकार उलटवायला १९०५ साल उजाडावे लागले. पोप दहावे पायस यांनी वारंवार, शक्यतो रोज कम्युनियन घेण्याची शिफारस केली आणि १९१०मध्ये सात वर्षांच्या आसपासच्या मुलांनाही ते खुले केले. आज पांढऱ्या फ्रॉकांत आणि टाय लावून ‘फर्स्ट कम्युनियन’ला निघालेली जी पोरे दिसतात ती त्यांच्याच निर्णयामुळे.

या कथेतला एक अध्याय मुंबईत घडला. १९६४च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ओव्हल मैदानावर अडतिसावी आंतरराष्ट्रीय युखॅरिस्टिक, म्हणजे याच संस्काराला वाहिलेली, काँग्रेस भरली. कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस यजमान होते आणि पोप सहावे पॉल तिला हजर राहिले. भारतात आलेले ते पहिले पोप. तेव्हा युरोपात, विशेषतः हॉलंडमध्ये, नवा विचार जोरात होता. अॅरिस्टॉटलची भाषा आता कुणाला कळत नाही, तेव्हा भाकरीचा अर्थ पालटतो, तिचे प्रयोजन पालटते, असे म्हणू या, असे स्खिलेबेकसारखे पंडित मांडत होते. मुंबईहून परतल्यावर नऊ महिन्यांनी, ३ सप्टेंबर १९६५ रोजी, पॉल यांनी ‘मिस्टेरियुम फिदेई’ हे पत्र काढले. अर्थ पालटतो हे त्यांना नाकारायचे नव्हते, पण वास्तव पालटले म्हणून अर्थ पालटतो, हा क्रम त्यांनी सोडला नाही. आणि त्याच पत्रात, वेदीवरच्या उपस्थितीला ‘खरी’ म्हणताना इतर उपस्थिती खोट्या ठरत नाहीत, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. १९६३चा तो सातवा परिच्छेद आणि ट्रेंट यांची सांगड इथे बसली. चार वर्षांनी, १९६९मध्ये, भारतीय बिशपांच्या मागणीवरून रोमने बारा बदलांना संमती दिली: गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून नमस्कार, जमिनीवर बैठक, समई, आरती. काहींनी ते उचलले, काहींना ते बाटल्यासारखे वाटले. तो वाद अजून जिरलेला नाही.

सिद्धांत माणसाच्या अंगवळणी कसा पडतो ते पाहायचे तर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी वसईतल्या एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या घरी जावे. छोट्या मेजावर धुतलेले पांढरे कापड, मेणबत्ती, क्रूस, पेल्यात थोडे पाणी. टीव्ही बंद. कम्युनियन घेऊन येणारा बहुतेकदा शेजारच्याच आळीतला कुणी निवृत्त गृहस्थ असतो. गळ्यातल्या कापडी पिशवीत घड्याळाएवढी झाकणाची डबी. एरवी स्कूटर थांबवून केळीच्या भावावर बोलणारा हा माणूस आज वाटेत कुणाशी बोलत नाही, लोकही हाक मारत नाहीत. म्हातारीला पूर्ण चकती गिळवत नाही, म्हणून तो नखाएवढा तुकडा तोडतो. तेवढ्यातही सगळे आहे. उरलेला तो स्वतः घेतो, डबीत पाणी फिरवून तेही पितो. कण जमिनीवर पडला तर उचलायचा, पाण्यात विरघळवायचा आणि ते पाणी गटारात न टाकता मातीत मुरवायचे. चर्चमध्ये त्यासाठी थेट जमिनीत उतरणारे वेगळे कुंड असते. भाकरीचे रूप पुरते विरघळले की उपस्थितीही संपते, अशी शिकवण आहे. तिच्यातला हा रोखठोकपणा मला आवडतो.

२०२०च्या मार्चमध्ये चर्चे बंद झाली आणि मिस्सा मोबाइलवर आली, तेव्हा याच शिकवणीची कसोटी लागली. पडद्यासमोर बसून प्रार्थना करता येते, वचन ऐकता येते, मनाने कम्युनियनची ओढ धरता येते; स्वयंपाकघरातली पोळी पडद्यासमोर ठेवून मात्र काही होत नाही. शरीराच्या संस्काराला शरीराने हजर राहावे लागते.

लोक हे सगळे खरोखर मानतात का? अमेरिकेतल्या प्यू संस्थेने २०१९मध्ये विचारले तेव्हा तिथल्या ३१ टक्के कॅथलिकांनीच भाकर प्रत्यक्ष ख्रिस्ताचे शरीर होते असे सांगितले. ६९ टक्क्यांनी ते प्रतीक मानले. दर आठवड्याला मिस्सेला जाणाऱ्यांत प्रत्यक्ष शरीर मानणाऱ्यांचा आकडा ६३ टक्क्यांवर गेला. बिशपांनी धसका घेऊन देशव्यापी मोहीम काढली आणि जुलै २०२४मध्ये इंडियानापोलिसला मोठी काँग्रेस भरवली. मला त्या प्रश्नाविषयीच शंका आहे. ‘प्रतीक की प्रत्यक्ष’ असा पर्याय दिला की साधा माणूस गडबडतो, कारण चर्चच्या शिकवणीत ते दोन्ही आहे: खूण आणि खुणेतला धनी. ऑगस्टिनला तर या जोडीत काही विरोध आहे असे सुचलेही नसते. वेदीवर जे आहे ते तुमचेच गूढ रूप आहे, तेव्हा जे घेता ते व्हा, अशा आशयाचे प्रवचन तो नव्या भाविकांपुढे करी.

आणि इथेच तो मुद्दा आहे ज्यावर माझा सगळा भर आहे. या भोजनाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख चारही शुभवर्तमानांच्या आधीचा आहे, आणि तो एका खरडपट्टीत आला आहे. इसवी सन ५५च्या सुमारास पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले. तिथले सुखवस्तू लोक लवकर येऊन खाऊनपिऊन तर्र होत, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहत. हे प्रभूचे भोजन नव्हेच, असे पौल म्हणतो, आणि शेवटच्या रात्रीची हकिकत सांगतो ती त्या ओघात. शरीर न ओळखता खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, असा इशाराही देतो. कोणते शरीर, भाकरीतले की भोवती बसलेल्या माणसांचे? टीकाकारांचे यावर एकमत नाही. पौलाला ते दोन वेगळे करायचेच नव्हते, असे मला वाटते. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात योहान ख्रिसोस्तोमने हाच धागा धरून श्रीमंतांना झापले: इथे रेशमाने मढवता तो बाहेर थंडीत उघडा पडला आहे.

हे आपल्याकडे नीट लागू पडते. तामिळनाडूत वडक्कनकुलमच्या चर्चमध्ये वेदी एक आणि उच्च-नीच जातींच्या मध्ये भिंत, अशी व्यवस्था होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती भिंत पाडली तेव्हा कज्जे झाले. गोव्यात वेदीची आणि सणांची व्यवस्था पाहणाऱ्या कॉन्फ्रारियांत कोण कोणता झगा घालणार हे पिढ्यान्‌पिढ्या जातीवर ठरत आले. ही माणसे द्रव्यांतर मानत होती, अगदी ट्रेंटच्या शब्दांत मानत होती, सांडलेल्या कणासाठी गुडघ्यांवर उतरत होती. एखाद्या सर्वेक्षकाने विचारले असते तर शंभर टक्के गुण मिळाले असते. या पुस्तकात थॉमसवरच्या प्रकरणाच्या आधी करिंथवरचे प्रकरण ठेवले आहे, ते त्यामुळेच. कालक्रमाशी ते जुळते हा योगायोग.